निळ्या दोऱ्यापर्यंत

दिग्रसला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवारात कंपनीचा जुना बंगला होता, आणि १९६० सालच्या दिवाळीत त्या बंगल्याच्या उत्तरेकडील खोलीवर दोघांचे हक्क एकाच वेळी उभे राहिले.

एक हक्क कापसाचा होता. कापसाची प्रत पारखणाऱ्या माणसाला ऊन चालत नाही, कारण उन्हात पिवळट कापूसही पांढरा दिसतो. आणि अंधारही चालत नाही, कारण अंधारात पांढराही मळका दिसतो. त्याला लागतो उत्तरेच्या खिडकीतून येणारा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वभाव न बदलणारा उजेड. तसा उजेड सबंध आवारात त्या एकाच खोलीत होता. दुसरा हक्क अकरा कुंड्यांचा होता, आणि त्यांनाही नेमका तोच उजेड लागत होता.

या कुंड्यांतल्या झाडांना जिनातले हमाल 'जोडाफूल' म्हणत. फुलाचा खालचा ओठ जोड्याच्या टोकासारखा फुगीर आणि पोकळ असे, म्हणून हे नाव. कंपनीचा शेवटचा गोरा मॅनेजर ही झाडे डोंगरी मुलखातून आणून मोठ्या मायेने वाढवीत असे. १९५४ साली तो मायदेशी गेला तेव्हा कुंड्या, एक इंग्रजी कागद आणि भिंतीवरची थंडी-ऊब मोजायची पाऱ्याची नळी एवढे सगळे त्याने आपल्या माळ्याच्या, नेमसिंगच्या, ओटीत टाकले. नेमसिंग हा फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. तो मात्र विसाव्या वर्षी या बंगल्याच्या बागेत आला आणि पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तेथून हलला नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, गोऱ्या साहेबाच्या जागी आलेले मॅनेजरसाहेब खोलीत आले. ते मनाने वाईट नव्हते. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही तिच्यापुढे त्यांना अस्वस्थ वाटे, इतकेच.

"नेमसिंग, मी सहा हिवाळे पाहतो आहे," छडीचे टोक कुंड्यांकडे वळवून ते म्हणाले. "त्या चार ठिपक्यांच्या पानांच्या कुंड्यांना निदान वर्षातून एखादे फूल येते. या सात हिरव्यांना काय येते? पाने! पानेच पाहायची असतील तर बाहेर कडुनिंब उभा आहे."

"साहेब, जुन्या साहेबाच्या वक्ताले याइलेच जास्त फुलं येत होती. येतीन."

"कधी? माझी बदली झाल्यावर?" साहेब स्वतःच हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे पाहा. संक्रांतीला कापसाची प्रत ठरवणारा नवा ग्रेडर खोली पाहायला येणार आहे. त्या दिवशी या सातांपैकी एकीत जरी मला कळी दिसली, तर खोली तुझ्या झाडांची. नाही दिसली, तर सगळ्या अकरा कुंड्या बाहेर. शब्द दोन्हीकडून."

बाहेर म्हणजे काय, हे नेमसिंगला कोणी समजावून सांगायला नको होते. हात-हात जाडीच्या भिंती आणि वाळ्याच्या टट्ट्या असलेली दुसरी खोली आवारात नव्हती. बाहेर गेलेली झाडे फाल्गुन काढतील, चैत्र कण्हत काढतील, आणि वैशाखात जिनाचे पत्रे तापले की आठ दिवसांत उकडून जातील. बारा आठवड्यांची मुदत होती, आणि तीत हवी होती सहा वर्षांत न आलेली एक कळी.

त्या संध्याकाळी तो काट्यावर गेला. जिनाच्या काट्यावर गाड्यांचे वजन लिहून घेणारा भीमराज बावीस वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी तो बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि तेव्हापासून न तपासता मानलेली कोणतीही गोष्ट त्याला घासातल्या खड्यासारखी दाताखाली लागत असे. आवारात इंग्रजी वाचणारी माणसे दोनच, मॅनेजरसाहेब आणि तो.

नेमसिंगने बायकोच्या, हंसाबाईच्या, कशिद्याच्या पेटीतून काढून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. भीमराजने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि मान वर केली.

"काका, यात तं साफ लिवलं हाय. ठिपक्याच्या पानावाल्याइले हिवाळ्याच्या रातीले साठ अंशाच्या खाली थंडी लागू देऊ नये. पण साध्या हिरव्या पानावाल्याइले दिवाळीपासून पुढं दीड-दोन महिने रातीची थंडी पन्नासापर्यंत भेटलीच पाह्यजे. नाई तं त्याइले कळीच धरत नाई."

"माहीत हाय मले."

भीमराज त्याच्याकडे पाहतच राहिला. "माहीत हाय?"

"साहेबानं हातानं दाखवून सांगतलंतं. तो दोरा कायले बांधला मंग?"

त्या पाऱ्याच्या नळीवर खरोखरच दोन दोरे बांधलेले होते. साठाच्या खुणेवर लाल आणि पन्नासाच्या खुणेवर निळा, दोन्ही हंसाबाईच्या कशिद्यातले. आकडे जुन्या इंग्रजी अंशांचे होते. साठ म्हणजे एक चादर पुरेल इतका गारवा, आणि पन्नास म्हणजे गोधडीबाहेर हात काढवत नाही इतकी थंडी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

"मंग सहा वर्सं काहून नाई केलं?"

नेमसिंगने पागोटे सारखे केले. उत्तर त्याच्यापाशी होते. इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, एवढेच.

"साहेबापाशी दोन खोल्या होत्या. ठिपकेवाल्या हॉलात, शेगडीपाशी. हिरव्या इथं, उघड्या खिडकीत. साहेब गेला, हॉल नव्या साहेबाचा झाला, साऱ्या इथं आल्या. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकी उघडी ठेवली तं ठिपक्याची एक मेली. पाच होत्या, चार राह्यल्या." त्याने कागदाची घडी घातली. "आमचा आजा सांगे, तांडा कोणाच्या चालीनं चालते? नायकाच्या नाई, घोड्यावाल्याच्या नाई. ज्या बैलाचा खूर दुखावला, त्याच्या चालीनं. त्याले माघं टाकून पुढं गेला तो गोर नव्हे, खरा बंजारा नव्हे. म्हून मी साऱ्याइले साठावर ठेवलं. जो नाजूक, त्याची चाल."

यावर कोणी म्हणेल की हा न्याय थोर होता. भीमराजलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु थोर न्यायही जिथे लागू पडत नाही तिथे लावला तर अन्यायच करतो, असे त्याचे मत होते आणि ते बोलून दाखवल्यावाचून त्याला राहवणे शक्य नव्हते.

"तांड्याले एका गावाहून दुसऱ्या गावाले जायचं राहे, काका. तो फुटला तं जंगलात मरे. तुमच्या कुंड्याइले कुठं जायचं हाय? जाग्यावर बसल्या हायेत. त्याइले एका चालीनं चालवाचं कारणच काय? चार नाजूक सांभाळाले तुम्ही सात धडधाकट सहा वर्सं उपाशी ठेवले. अन्नानं नाई; थंडीनं."

नेमसिंगचा चेहरा उतरला. "खिडकी उघडतो म्हनशीन तं ठिपक्याच्या मरतीन."

"त्याइले तुमच्या घरी चुलीपाशी न्या. अन् हिरव्याइची खिडकी उघडा. मी माना म्हनत नाई. तपासून पाहा म्हनतो."

"अन् तपासता तपासता मेल्या तं?"

"न तपासता संक्रांतीले मरतीनच," भीमराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या चार कुंड्या नेमसिंगच्या एका खणाच्या स्वयंपाकघरात गेल्या. हंसाबाई कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या फेटियाचे, बंजारा घागऱ्याचे, आरसे चुलीच्या उजेडात चमकत होते, आणि तिचे डोळे त्यांहून जास्त.

"चार-चार सवती आणल्या! अन् बसवल्या कुठं, तं माह्या चुलीपाशी! भाकर आधी कोणाले वाढू, त्याइले का तुम्हाले?"

"त्याइले भाकर लागत नाई, बाई. धूर तेवढा लागू देऊ नको. अन् फोडणी घालताना खिडकी उघडत जा."

"फोडणी घालू का नको, तेबी आता जोडाफुलाले पुसावं लागीन!"

पण त्याच संध्याकाळी तिने चूल आणि कुंड्या यांच्या मध्ये शेणाने सारवलेला बांबूचा तट्ट्या उभा केला, आणि शेजारच्या सुखीबाईची पोर कुंडीला हात लावायला गेली तेव्हा ती असे काही ओरडली की पोर आठ दिवस फिरकली नाही.

इकडे उत्तरेच्या खोलीत सात कुंड्या उरल्या, आणि खरी परीक्षा सुरू झाली. ती नळी इंग्रजी अक्षर 'यू'सारखी वाकलेली होती. तिच्या डाव्या भुजेत थंडीचे माप होते, आणि ते उलटे चाले: थंडी वाढली की पारा वर चढे आणि आपल्यापुढे पोलादाचा एक बारीक काटा ढकलीत नेई. सकाळी ऊब आली की पारा मागे फिरे. काटा मात्र जिथे पोचला तिथेच अडकून राही. रात्री कोणी जागले नाही तरी रात्रीची गोष्ट सकाळी त्या काट्यावरून वाचता येई. वाचून झाल्यावर बाहेरून लोहचुंबक फिरवून काटा पुन्हा पाऱ्यावर आणून बसवायचा असे.

कार्तिकाच्या पहिल्या पंधरवड्यात काटा लाल दोऱ्याच्या आसपासच रेंगाळला. पुढे उत्तरेचे वारे सुटले. साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न. रोज सकाळी गाड्या लागण्यापूर्वी भीमराज येई, आकडा वहीत टिपी आणि वजनकाट्यावर जाई. मग एके सकाळी आकडा आला एकसष्ट. आदल्या रात्री हमालांनी आवारात शेकोट्या पेटवल्या होत्या आणि वजनकाट्यावरचा पाण्याचा माठ हात लावू देत नव्हता. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकसष्ट. तिसऱ्या सकाळी बासष्ट.

भीमराजने वही मिटली. "काका, राती खिडकी कोणी लावली?"

"कोणी नाई."

"वारा लावते का?"

"लावत असन. जुन्या खिडक्या हायेत."

"अन् कडीबी वाराच घालते?"

नेमसिंग कुंडीतले वाळलेले पान काढत राहिला. ते पान वाळलेले नव्हते, हे दोघांनाही दिसत होते.

"खोटं माणूस बोलते, काका," भीमराज हळू म्हणाला. "काट्याले ते जमत नाई."

तेव्हा नेमसिंग भिंतीला पाठ टेकून खाली बसला. तिन्ही रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वाऱ्याचा आवाज ऐकू आला होता, आणि तिन्ही रात्री त्याचे पाय त्याला न विचारता उठून बंगल्याकडे गेले होते. जनावर हिवात कुडकुडताना ज्याने आपली घोंगडी त्याच्यावर टाकायची हेच आयुष्यभर पाहिले, त्याच्या हातांना दार उघडे टाकून झोपणे कसे शिकवायचे?

"पानं थंडगार लागत होती रे," तो म्हणाला. "मेल्या माणसाचा हात लागावा तशी."

भीमराजला राग आला होता, पण तो ओसरला. त्याने खिळ्याला टांगलेले लोहचुंबक काढून आपल्या खिशात टाकले.

"हे आता माह्यापाशी राहीन. काटा मी बसवीन, अन् सकाळी दोघं मिळून पाहू."

"माह्यावर भरवसा नाई तुहा?"

"तुमच्या हातावर हाय. तुमच्या मायेवर नाई."

हे वाक्य नेमसिंगला लागले. दोन दिवस तो भीमराजशी बोलला नाही. परंतु खिडकीही त्याने पुन्हा लावली नाही. रात्री पाय उठू लागले की तो हंसाबाईला म्हणे, "मले धरून ठेव." ती म्हणे, "धरते. पण उद्या लोकाइले सांगीन, म्हातारपणी नवरा बायकोले म्हनते मले धर!" आणि तो हसून पडून राही.

मार्गशीर्ष लागला तसा काटा निळ्या दोऱ्याला भिडला. एकावन्न, पन्नास, पन्नास, एकोणपन्नास. दिवसा मात्र खोली उजेडाने भरून जाई आणि सत्तरापर्यंत चढे. झाडांना तेच हवे होते. नेमसिंगने पाणी कमी केले. पाने थोडी ताठ, थोडी कमी तुकतुकीत झाली. कळीचे मात्र नाव नव्हते. रोज सकाळी तो प्रत्येक झाडाच्या मधल्या दोन पानांच्या बेचक्यात वाकून पाही, आणि रोज तिथे रिकामी हिरवी घडी असे.

पौषाच्या मध्यावर कडेच्या कुंडीचा बुडखा तपकिरी झाला. बोटाने दाबताच मऊ लागला आणि ओल्या कुजकट वासाचा पाझर फुटला. दोन दिवसांपूर्वी नेहमीच्या सवयीने त्याने त्या एका कुंडीवर संध्याकाळी पाणी शिंपडले होते; पाण्याचा थेंब पानांच्या मध्ये राहिला आणि रात्रीच्या थंडीने त्याचे विष केले. एरवी, उबेत, त्याने काही बिघडले नसते. त्याने कुंडी उचलून बाहेर नेली आणि कोणाला न सांगता बंगल्यामागे पुरली. सातांच्या सहा झाल्या. बारा दिवस उरले होते.

त्या सकाळी भीमराजने रिकामी जागा पाहून विचारले तेव्हा झाले ते सांगून तो म्हणाला, "बास झालं. खिडकी लावतो. तुह्यं तपासणं पावलं मले."

"एक मेली ती पाण्यानं मेली, थंडीनं नाई."

"मेल्यालेबी कारण सांगतं का तू?"

"कारण नाई सांगतलं तं पुढची वाचत नाई!" भीमराजचा आवाज चढला. मग त्याने कुंड्यांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आठ दिवस द्या, काका. मी तुमच्या पाया पडत नाई, मले ते जमत नाई. पण मागतो."

नेमसिंगने आठ दिवस दिले. आणि त्या आठांतल्या सहाव्या दिवशी ते हीव आले ज्याची आठवण मुकुटबनापासून फुलसावंगीपर्यंत लोक पुढे काढीत. दुपारीच ऊन फिके पडले. आदल्याच रात्रीच्या गारठ्याने तुरीचा फुलोरा करपल्याचे गाडीवान सांगत आले. सकाळी काटा चव्वेचाळिसावर होता, आणि संध्याकाळी दिवेलागणीलाच पारा निळ्या दोऱ्याला टेकला होता, म्हणजे सबंध रात्र अजून पुढे होती.

भीमराज वजनकाट्यावरून पळतच खोलीत आला. या वेळी घाबरला होता तो.

"काका, कागदात पन्नास लिवलं हाय. चाळीसचं काईच लिवलेलं नाई. खिडकी लावा, शेगडी आणा!"

आता नवल असे की नेमसिंग शांत होता. त्याने एका झाडाचे पान दोन बोटांत धरले, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीत बोट घातले, मग भिंतीला तळवा लावला. कागदात जे नव्हते ते तो हाताने वाचत होता.

"शेगडी नाई आणाची. आज ऊब दिली तं दोन महिने वाया जातीन. सकाळी पुन्हा गारठतीन, तेच वाईट." तो उठून खिडकीपाशी गेला आणि झडप ओढून घेतली. "खिडकी लावतो. कारण आज वारा हाय, अन् वारा पान वाळवते. कुंड्या कोरड्या हायेत. पाण्याशिवाय हीव कुजवत नाई. भित दिवसाची ऊब धरून हाय, हात लावून पाह्य. ती भित सकाळपर्यंत पुरीन."

"नाई पुरली तं?"

"तं तू वहीत लिव," नेमसिंग म्हणाला. "तुह्यंच म्हननं हाय ना, तपासून पाह्य?"

ती रात्र दोघांनी आपापल्या घरी काढली. कोण किती झोपले हे काट्याला ठाऊक नव्हते. सकाळी दोघे एकाच वेळी दाराशी आले आणि दोघांनीही एकमेकांना आधी जायची वाट करून दिली. शेवटी भीमराज आत गेला, नळीशी वाकला, आणि आकडा वहीत टिपला.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

पाने जिवंत होती. पण बेचक्यात पाहायला वाकलेल्या नेमसिंगच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने भीमराज दचकला. तिसऱ्या कुंडीत, मधल्या दोन पानांच्या घडीतून, तांदळाच्या दाण्याएवढे एक हिरवे टोक वर आले होते.

"कळी?" भीमराजने विचारले.

नेमसिंगने डोळे बारीक केले, जवळ गेला, मागे आला. "नवं पानबी असंच निंगते," तो म्हणाला. "सहा वर्सं झाली रे. मले आता वळखू येत नाई."

संक्रांतीला पाच दिवस होते. ते टोक रोज रेषभर वाढले आणि रोज जास्त संशयास्पद दिसू लागले. हंसाबाई म्हणे कळी, भीमराज म्हणे पुरावा अपुरा, आणि नेमसिंग काहीच म्हणत नसे. त्याला आशा धरण्याची भीती वाटू लागली होती.

संक्रांतीच्या सकाळी मॅनेजरसाहेब नव्या ग्रेडरला घेऊन आले. बाबाराव हे साठीच्या घरातले, उंच, किंचित वाकलेले. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची टोके चाळीस वर्षे कापूस ओढून चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्यांच्याविषयी बाजारात एक गोष्ट प्रसिद्ध होती: सख्ख्या मेव्हण्याचा कापूस त्यांनी भर बाजारात तिसऱ्या प्रतीत टाकला, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेले. मेव्हण्याने वाढले नाही, तर बाबाराव म्हणाले, "कापूस हलका हाय, भाकर हलकी नसन."

खोलीत पाऊल टाकताच बाबारावांनी आधी खिडकीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! असा उजेड मले अकोल्यातबी नाई भेटला."

"मग झाले तर," साहेब म्हणाले. "नेमसिंग, कळी कुठे आहे?"

नेमसिंगने तिसरी कुंडी पुढे केली. तिळगुळाची पुडी त्याच्या दुसऱ्या हातात तशीच राहिली होती. साहेबांनी चष्मा लावला, वाकले, आणि हसले.

"हे पान आहे."

"साहेब, कळी असू शकते," भीमराज दारातून म्हणाला.

"असू शकते म्हणजे नाही. तू काट्यावर 'असू शकते' असे वजन लिहितोस का?"

भीमराजचा चेहरा पडला. तो वार त्याच्याच शस्त्राचा होता. नेमसिंगने बोलायचा प्रयत्न केला, पण जे स्वतःलाच ठाऊक नाही ते तो कसे सांगणार?

"मी पाहू का?" बाबाराव म्हणाले.

साहेब बाजूला झाले. बाबारावांनी कुंडी उचलून खिडकीपाशी नेली, ते टोक डोळ्यांसमोर धरले, मग डोळे मिटले. कापसाचा पेळू चिमटीत धरावा तसे त्यांनी ते हिरवे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेतले. दाबले नाही, फक्त बोटे किंचित पुढे-मागे केली. पलीकडे जिनात सरकी काढणारे रेचे घरघरत होते.

"पानाची घडी सपाट लागते," ते डोळे मिटूनच म्हणाले. "धारीसारखी. ही बुडाशी सपाट हाय, पण मधात दाणा हाय. घडीच्या आतमध्ये काईतरी गोल हाय, अन् ते घडीले आतून रेटून राह्यलं." त्यांनी डोळे उघडले. "साहेब, मले झाडातलं कळत नाई. पण जे बोटाले लागलं ते पान नव्हे."

"बाबाराव, ही कळी ठरली तर खोली तुम्हाला मिळत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. खोली मले पाह्यजेच." त्यांनी कुंडी अलगद नेमसिंगच्या हातात दिली. "पण मले काय पाह्यजे ते पाहून मी कापूस पाह्यला असता, तं मेव्हण्यानं मले जेवू घातलं असतं."

साहेबांनी पुन्हा एकदा वाकून पाहिले. आता त्यांनाही घडीच्या मध्यभागी एक फुगीर सावली दिसली, किंवा दिसावीशी वाटली. त्यांनी चष्मा काढला.

"शब्द दिला होता," ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना फारसे सुख झाले नाही. "पश्चिमेच्या पडवीला पांढरा पडदा लावून घ्या, बाबाराव. तुमचे तेवढ्यावर भागते का पाहू. आणि नेमसिंग, फूल आले की ते माझ्या टेबलावर."

"तोडून नाई, साहेब. कुंडीसकट," नेमसिंग म्हणाला, आणि आपण साहेबाला अट घातली हे त्याच्या मागाहून ध्यानात आले.

साहेब गेले. बाबारावांनी तिळगूळ तोंडात टाकला, खिडकीतल्या उजेडाकडे एकदा लांबून पाहिले आणि तेही गेले. कळी होती हे आता ठरले होते. आणखी एकदोन कुंड्यांत ती येईल, किंवा येणारही नाही. पुरलेली एक तर परत येणार नव्हतीच.

संध्याकाळी भीमराजने खिशातून लोहचुंबक काढले आणि नेमसिंगच्या तळहातावर ठेवले. नेमसिंगने नळीवरून चुंबक फिरवून काटा पाऱ्यावर आणून बसवला, खिडकीच्या दोन्ही झडपा उघडल्या आणि कडी घट्ट बांधून टाकली, की वाऱ्याने आपटू नये.

घरी आल्यावर त्याने चुलीजवळच्या चार कुंड्यांना हात लावून पाहिला आणि तट्ट्यासकट त्या वीतभर चुलीकडे सरकवल्या.

"आज तं त्या जास्तच उबेत ठेवून राह्यले," हंसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् तिकडं त्या साही उघड्यावर?"

"त्याइची चाल वेगळी हाय," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर वारा सुटला. बंगल्याच्या बाजूने झडप करकरल्याचा बारीक आवाज आला. हंसाबाईने गोधडीखालून हात काढून त्याचे मनगट धरले, आणि थोड्या वेळाने सोडून दिले. धरायची गरज राहिली नव्हती. तो झोपला होता.